नागपाडा कुणी वसवला?

नागपाडा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलिस ठाण्याची पाटी, गुन्हेगारीच्या बातम्या आणि हिंदी सिनेमातल्या अंधाऱ्या गल्ल्या उभ्या राहतात. त्यात सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण याच नागपाड्याने भारताच्या बास्केटबॉल संघाला कप्तान दिला, देशातल्या समाजकार्याच्या पहिल्या शिक्षणसंस्थेला पहिलं छप्पर दिलं, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. इतिहास माझा धंदा नव्हे, बी.ए.ला तो एक विषय होता, इतकंच. पण ज्या वस्तीत उमेदीची वर्षं काढली, तिच्याविषयी एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. ही वस्ती नक्की वसवली कुणी?

नगररचनेच्या परिसंवादांत हल्ली ‘लोकसहभागातून परिसरनिर्मिती’ असा शब्दप्रयोग वारंवार कानावर येतो. शब्द भारदस्त आहे, अर्थ मात्र साधा. रस्ता, चौक, मैदान, कट्टा यांचा वापर कसा व्हावा हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचं आणि ती जागा त्यांनीच सांभाळायची. कल्पना नवी असल्यासारखी मांडली जाते. प्रत्यक्षात मुंबईच्या दाट वस्तीतली माणसं हे काम शंभर वर्षांहून अधिक काळ करत आली आहेत. त्यांनी त्याला नाव दिलं नाही, म्हणून त्याची नोंदही नीट झाली नाही.

गोष्ट सुरू होते प्लेगपासून. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण सापडले आणि बघता बघता शहर हादरलं. लोक गाठोडी बांधून गावाकडे पळाले. गिरण्या, गोद्या ओस पडू लागल्या. रोगाचं मूळ दाटीत, ओलीत आणि अंधारात आहे, असं सरकारचं मत झालं आणि १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन करण्यात आला. कोंदट वस्त्या पाडायच्या, समुद्राचा वारा शहरात शिरावा म्हणून रुंद रस्ते काढायचे आणि गरिबांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याच ट्रस्टची देणगी. नागपाडा त्याच्या अगदी सुरुवातीच्या योजनांत होता. जुनी घरं पडली, रस्त्यांच्या सरळ रेघा ओढल्या गेल्या.

पण गंमत अशी की, पाडलेल्या घरांच्या मानाने नव्या खोल्या बऱ्याच काळ कमीच पडल्या. ज्या बांधल्या त्यांचं भाडंही पुष्कळांना परवडेना. घर गेलेली माणसं मग शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत जाऊन राहिली. एका ठिकाणची दाटी मोडली आणि चार पावलांवर दुसरी तयार झाली. हवा खेळती करायला निघालेल्यांनी हवेचा विचार केला होता. माणूस कामापासून किती लांब राहू शकतो, याचा केला नव्हता.

ट्रस्टने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. एका ओळीत खोल्या, पुढे लांबलचक गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी शहरातली निम्म्याहून अधिक वस्ती एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या अशाच बीआयटी चाळीत सुमारे दोन दशकं राहिले आणि १९३४ च्या सुमारास दादरच्या ‘राजगृहा’त गेले. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. चाळी उरल्या.

आता एक खोली म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळतं. आठ-दहा माणसं एका खोलीत राहतात तेव्हा घर खोलीपुरतं राहूच शकत नाही. ते गॅलरीत येतं, जिन्यावर बसतं, ओट्यावर पसरतं. पोरांचा अभ्यास दिव्याखाली फुटपाथवर होतो, लग्नाचं जेवण गल्लीत होतं, मयताला येणारी माणसं रस्त्यावर उभी राहतात. ट्रस्टच्या नकाशात गॅलरी ही ये-जा करायची वाट होती. राहणाऱ्यांनी तिचं वाळवण घालायचं अंगण केलं, बायकांची बैठक केली, म्हाताऱ्यांची खाट टाकायची जागा केली. नळावर कुणी केव्हा भरायचं, रात्रपाळीचा माणूस झोपला असेल तेव्हा पोरांनी कुठे खेळायचं, याचे नियम ठरले. ते कुठे लिहिलेले नव्हते आणि मोडणाऱ्याला सगळी चाळ ओळखत होती.

नागपाड्यात आणि आजूबाजूला आलेली माणसं तरी किती परीची! मदनपुऱ्यात उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर. शेजारच्या कामाठीपुऱ्यात तेलंगणातून आलेले कामाठी मजूर. भायखळ्यात बगदादी ज्यू. डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं मागेन डेव्हिड सिनेगॉग तिथे १८६४ पासून उभं आहे. त्यांच्याच जोडीला आपले बेने इस्रायली, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातून आलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. घाटावरून आलेले दलित कामगार. आणि रत्नागिरीकडचे आम्ही कोकणी मुसलमान, गोदीत आणि जहाजांवर कामाला लागलेले.

या माणसांनी शहरात पाय रोवले ते गावाच्या खोलीच्या आधाराने. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे धोबी तलावाकडे ‘कूड’ होते. गिरणगावात ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या होत्या. आमच्याकडे जमातीच्या खोल्या होत्या. १९८६ मध्ये दहावी झाल्यावर मी मुंबईत उतरलो तो अशाच एका खोलीत. माझे मामू जहाजावर खलाशी. भिंतीला लागून लोखंडी पेट्यांची रांग, प्रत्येक पेटीवर नाव रंगवलेलं. पेटी ठेवायचा हक्क होता. झोपायला जागा मिळेल तशी. महिन्याची वर्गणी वहीत लिहिली जायची. तिच्यातून खोलीचं भाडं निघायचं, कुणी दगावला तर कफन-दफनाचा खर्च निघायचा आणि उरलंच तर गावच्या शाळेच्या कौलांना पैसे जायचे. पहिल्याच रात्री मी खिडकीजवळची जागा धरली, तेव्हा मामू म्हणाले, “बाबू, खोली गावाची हाय, येकल्याची नाय.” सरकलो. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीहून आलेला माणूस त्या जागेवर झोपला होता. पुढच्या जहाजावर गेल्यावर त्याची जागा मला मिळाली.

या खोल्यांचा हिशेब कुठल्याही नगररचनेत धरलेला नव्हता. त्या नसत्या तर एवढी गोदी, एवढ्या गिरण्या चालल्या असत्या का, याचा विचार करून पाहावा. मालकाने मजुरी दिली. मजुराला शहरात टिकवलं ते या वर्गणीच्या वहीने. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही खोली आपल्याच माणसांची होती. आमच्या गावाची, आमच्या जमातीची. शेजारच्या गॅलरीतल्या वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या जातीच्या माणसासाठी तिथे जागा नव्हती. सगळ्यांची म्हणावी अशी जागा नागपाड्यात तयार झाली ती वेगळ्या वाटेने.

१९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने इथे ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ सुरू केलं. ते अमेरिकन मराठी मिशनचे. त्या काळी लंडनमध्ये टॉयन्बी हॉल, शिकागोत जेन ॲडम्स यांचं हल हाउस अशी घरं प्रसिद्ध होती. शिकल्यासवरल्या माणसाने गरीब वस्तीत जाऊन राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं, ही त्यामागची कल्पना. मॅन्शार्ट यांनी ती नागपाड्यात आणली. वाचनालय, व्यायाम, दवाखाना, बायकांसाठी वर्ग, व्याख्यानं असं सगळं तिथे चाले. त्यांनी लोकांना ख्रिस्ती करण्याचा उद्योग केला नाही. मुसलमान, ज्यू, हिंदू, पारशी सगळ्यांना एकाच दारातून आत यायचं होतं.

याच घरात १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक आणि पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी. १९४४ मध्ये तिचं नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. आज देवनारच्या त्या हिरव्यागार आवारात शिकणाऱ्या मुलांना सांगावंसं वाटतं, की तुमच्या विद्येचा पहिला वर्ग भायखळा-नागपाड्याच्या गजबजाटात भरत होता.

कुणी म्हणेल, हे तर बाहेरून आलेल्या माणसाचं काम. यात लोकांचा पुढाकार कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बास्केटबॉलच्या खेळात सापडतं.

अमेरिकन मंडळींनी आपल्याबरोबर हा खेळ आणला. त्याला जागा कमी लागते. क्रिकेटला मोठं मैदान हवं, फुटबॉललाही. इथे एका चाळीच्या आवाराएवढी सपाट जमीन आणि दोन टोकांना दोन कड्या पुरतात. दाट वस्तीला याहून सोयीचा खेळ नाही. नागपाड्याच्या पोरांनी तो उचलला आणि मिशनरी गेल्यानंतरही सोडला नाही. मुंबईचे जुने तलाव एकेक करून बुजवले गेले, त्यांची नुसती नावं राहिली. धोबी तलाव तसा, गवालिया टँक तसा. आमच्याकडचा मस्तान तलावही तसाच. जिथे पाणी होतं तिथे पोरं चेंडू आपटू लागली. अब्बास मुन्तसिर याच वस्तीत वाढले, नेबरहूड हाउसमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांकडून खेळ शिकले, भारताचे कप्तान झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या आगेमागे या चार-दोन गल्ल्यांनी देशाच्या संघाला आणखीही खेळाडू दिले.

मी स्वतः खेळात यथातथाच. पण संध्याकाळी कठड्यावर बसून पाहिलेलं आठवतं. आधी लहान पोरं, मग शाळेतली, मग कॉलेजातली, शेवटी नोकरीवरून परतलेली मोठी माणसं, अशी पाळी लागलेली असे. मोठ्याने लहानाला शिकवायचं, पैसे घ्यायचे नाहीत. जाळी फाटली की वर्गणी. पावसाळ्याआधी रेघा पुन्हा मारायच्या. रमजानमध्ये तर तरावीची नमाज संपली की रात्री उशिरापर्यंत सामने चालत आणि आजूबाजूच्या खिडक्या माणसांनी भरून जात. ते मैदान कुणाच्या मालकीचं, असं विचारलं तर कागदावरचं उत्तर वेगळं मिळेल. पण ते राखलं कुणी, याचं उत्तर त्या पाळीत आणि वर्गणीत आहे. बाहेरच्या माणसाने दार उघडलं हे खरं. पुढे इतकी दशकं ते उघडं ठेवलं ते नागपाडेकरांनी.

हे एकट्या नागपाड्याचं कौतुक आहे असं समजू नका. लालबागचं उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवं. १९३२ मध्ये तिथल्या पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि कोळी व छोटे विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी नवस बोलला, खटपटी केल्या, नगरसेवकाला आणि परिसरातल्या प्रतिष्ठितांना हाताशी धरलं. अखेर रजबअली तय्यबअली या जागामालकाने बाजारासाठी भूखंड दिला. नवस फेडायला १९३४ मध्ये तिथे गणपती बसला. तोच आजचा लालबागचा राजा. आज लाखोंची रांग लागते, तिच्या मुळाशी बसून मासळी विकण्याएवढ्या जागेची मागणी आहे आणि ती जागा देणारा एक मुसलमान आहे. देवाच्या पाठीमागचा हा बाजार आपण विसरू नये.

लेखकांनाही या वस्त्यांनी खूप दिलं. सआदत हसन मंटो भायखळ्यात राहिले आणि नागपाड्यातली माणसं त्यांच्या उर्दू कथांत शिरली. निस्सिम इझिकेल बेने इस्रायली. ते इंग्रजीत लिहीत आणि बेलासिस रोडवर राहत. नामदेव ढसाळांनी १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ प्रसिद्ध केला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि त्यातले कितीतरी शब्द तोवर मराठी वाचकाने ऐकलेही नव्हते. तीन भाषा, तीन धर्मांच्या घरांतून आलेले तीन लेखक आणि एकमेकांपासून पायी जाता येईल एवढं अंतर. मी मुसलमान असून मराठीत कसा लिहितो, असं मला अजून विचारलं जातं. नागपाड्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तिथे एका गॅलरीत चार भाषांतून भांडण होत असे आणि सगळ्यांना समजत असे.

पण हे चित्र एवढंच गोड रंगवून थांबलो तर ते खोटं होईल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत मुंबईत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. नागपाडा, डोंगरी, भायखळा होरपळून निघाले. त्या जानेवारीत संचारबंदी उठली तरी मैदानात चेंडूचा आवाज नव्हता. शेजार, गॅलरी, मैदान यांपैकी कशानेही सुरे थांबले नाहीत. मग या सामाईक जागांचा उपयोग काय, असं तेव्हा मलाही वाटून गेलं होतं.

त्याच दिवसांत भिवंडी मात्र शांत राहिली होती. ही तीच भिवंडी, जी १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये दंगलीत जळाली होती. पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे आधीची काही वर्षं मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं, यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षावाले, नियमित एकत्र बसायची. भांडण लहान असतानाच मिटवायची. अफवा पसरली की कुणाला विचारायचं, हे त्यांना माहीत होतं. मुंबईने हा धडा उशिरा का होईना घेतला. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला समित्यांचं काम सुरू झालं.

मला यातून एवढंच उमगलं, की माणसं एका जागेत नुसती वावरली म्हणजे ती एकमेकांची होत नाहीत. त्या जागेचं काहीतरी काम त्यांनी मिळून करावं लागतं. जाळीची वर्गणी, नळाची पाळी, समितीची बैठक यांत माणसाला दुसऱ्याचं नाव, घर, स्वभाव कळतो. दंगलीच्या रात्री तेवढंच हाताशी असतं.

हे सगळं आज का सांगायचं? कारण या वस्त्या पुन्हा एकदा पाडल्या जात आहेत. भेंडी बाजारात सुमारे १६ एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभारण्याचं काम २००९ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टने हाती घेतलं. बीडीडी चाळींचंही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. याचा मला आनंदच आहे. सामाईक संडासाच्या रांगेत ज्याने पहाटे उभं राहून पाहिलं आहे, तो चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना हात जोडतो. माझ्या आईने मुंबईत आल्यावर पहिली मागणी केली ती घरात नळ असण्याची. ती चुकीची नव्हती.

पण चौरस फूट मोजले जातात ते घराचे. गॅलरीचे कोण मोजतं? गावाच्या खोलीत पंचवीस जणांच्या पेट्या होत्या. नव्या इमारतीत ती एका नावावर एक सदनिका होते. बाकीच्या चोवीस पेट्या कुठे ठेवायच्या? गल्लीतलं वाचनालय, व्यायामशाळा, म्हाताऱ्यांचा ओटा, मयताची माणसं उभी राहायची जागा, पोरांच्या दोन कड्या, यांना भाडेपावती नाही. पावती नाही म्हणून पुनर्वसनही नाही. प्लेगनंतरच्या ट्रस्टने हवा मोजली आणि माणसाचं काम मोजायचं राहिलं. आपण घर मोजतो आहोत आणि शेजार मोजायचा राहतो आहे.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. एखादी चाळ किंवा गल्ली पाडायचं ठरलं, की राहणाऱ्यांच्या यादीबरोबर आणखी एक यादी करावी आणि ती त्यांच्याकडूनच करून घ्यावी. तिच्यात तीन रकाने असावेत. कोणकोणत्या जागा सगळ्यांच्या वापरात आहेत, तिथे रोज काय काय होतं आणि ती सांभाळतं कोण. नवा नकाशा त्या यादीपुढे ठेवून तपासावा. तळमजल्यावर एक हॉल दाखवला आणि त्याला कुलूप लावून किल्ली व्यवस्थापकाकडे दिली, तर तो हॉल वस्तीचा होत नाही. किल्ली कुणाकडे राहणार हे आधी लिहून घ्यावं. हे काम महापालिकेने करावं, नसेल करत तर चाळीतल्या पोरांनी एक वही घेऊन बसावं. जमातीच्या खोलीत आमची वर्गणीची वही होती. साध्या दोनशे पानी वहीतच तिचा हिशेब चाले आणि एवढ्या वर्षांत तो कधी चुकला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)